शाळेच्या नावाची पाटी

भिवंडीतली आमची इमारत पूर्वी शाळा होती; आता तिच्या वर्गांचे फ्लॅट झालेत. आमचा प्लंबर याच शाळेत शिकलेला. माझ्या घराला तो अजून चौथीचा वर्गच म्हणतो. ‘मॅडम, चौथीचा नल गलतोय ना?’ असं विचारत येतो, आणि चपला मात्र खाली फाटकापाशीच काढून ठेवतो.

गेल्या महिन्यात फाटकावरची शाळेच्या नावाची दगडी पाटी फोडून टाकायचं सोसायटीत ठरलं. त्या नावामुळे फ्लॅटला भाव येत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. त्या ठरावावर मीही सही केली.

हे कळल्यावर प्लंबर स्वतःच छिन्नी घेऊन आला. दिवसभर खपून त्याने पाटी अख्खी उतरवली, धुतली आणि घरी न्यायला गोणपाटात गुंडाळली. मी चहा घेऊन खाली गेले.

‘सगल्यांनी सह्या केल्या म्हनं,’ तो म्हणाला. ‘तुमी न्हाय ना केली?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘वाटलंच मला.’

तेव्हापासून तो दिसला की मी नजर चुकवते. तो मात्र भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, ‘तेवढ्या या मॅडमनी सही न्हाय केली.’