कवठाभोवती फिरणारा सूर्य

शिक्षकांच्या खोलीतला खडू संपतो, चहा संपतो. किस्से मात्र साठतच जातात. तिसगावजवळच्या आमच्या शाळेत तर निम्मे किस्से एकट्या भानुदास अण्णांचे. अण्णा शाळेचे शिपाई, हात मात्र सुताराचा. मी विज्ञान शिकवतो, म्हणजे तसा त्यांचा विरोधी पक्ष!

कारण कपाटावरचं त्यांचं यंत्र. मधे वाळलेलं कवठ, ती पृथ्वी. भोवती सायकलच्या दोन रिंगा; एकीवर सूर्य म्हणून पितळी बटण, दुसरीवर चंद्र म्हणून शिंपला. रोज सकाळी अण्णा दोघांना आपापल्या खाचेत पुढे सरकवतात.

*

पहिल्याच आठवड्यात मी चूक पकडली. "अण्णा, कवठ बरोबर मध्यावर नाही!"

"मुद्दामच सर. सूर्य थंडीत घाईनं चालतो, उन्हाळ्यात रमतगमत."

म्हटलं, काहीतरीच! अण्णांनी शाळेचा वऱ्हांडा दाखवला. वर्षातून दोनदाच उगवतीचं ऊन त्यात सरळ शेवटपर्यंत शिरतं. "मार्च ते सप्टेंबर येकशे शहाऐंशी दिस. सप्टेंबर ते मार्च येकशे एकोणऐंशी. मोजा!"

वर्षभर नोंद ठेवून मोजले. तंतोतंत! एम.एस्सी. करून मला जे दिसलं नाही, ते या माणसानं वऱ्हांडा झाडता झाडता पकडलं होतं.

*

गॅदरिंगचं स्टेज पश्चिमेकडे तोंड करून बांधलं. अण्णा म्हणाले, "चारला सूर्य पावन्यांच्या डोळ्यात जानार." कुणी ऐकलं नाही. पाहुण्यांनी अख्खं भाषण कपाळावर हात धरून केलं. पालकांना वाटलं, शाळेचा निकाल फारच वाईट लागलाय!

*

मग नवे मुख्याध्यापक आले. "पृथ्वी मध्ये? शाळेत? बुधवारी भंगारवाला येतोय, देऊन टाका!"

अण्णांचा चेहरा उतरला. "पृथ्वी फिरती ह्ये मला ठावं हाय सर. पर आपन तिच्यावरच बसलोय. हितनं जे दिसतं, ते मी मांडलंय."

सर ऐकेनात. मला फार वाईट वाटलं. मी गप्प बसलो, याचं जास्त.

*

मंगळवारी अंगारकी होती. सर माझ्या शेजारीच राहतात. त्यांच्या आईंचा उपास. मोबाईलवरची चंद्रोदयाची वेळ टळून गेली तरी चंद्राचा पत्ता नाही! आई अंगणात ताटकळलेल्या. शेवटी सरांनीच अण्णांना फोन लावला.

"सकाळीच खाच बघितलीय सर. मोबाईलला आपला डोंगर कुठं ठावा हाय? अजून चौदा मिन्टं."

चौदाव्या मिनिटाला डोंगरामागून चंद्र वर आला.

बुधवारी टेम्पो आला. अण्णा यंत्र पुसून, हातात घेऊन दारात उभे. सरांनी एकदा यंत्राकडे पाहिलं आणि तडक प्रयोगशाळेत गेले. तिथून बंद पडलेलं सूर्यमालेचं मॉडेल उचलून आणलं, मधे सूर्य आणि भोवती ग्रह असलेलं, आणि भंगारवाल्याला दिलं. "हे न्या. ते राहू द्या."

टेम्पो निघाला. अण्णांनी यंत्र माझ्या हातात कोंबलं, टेम्पोमागे धावत सुटले आणि ते मॉडेल छातीशी धरून धापा टाकत परत आले.

"सर, ह्ये टाकू नका! ह्ये बी बरोबरच हाय. नुसता पट्टा तुटलाय!"