ओटी भरली म्हणजे माघार नव्हे

एकोणतीस डिसेंबर. मटार सोलत बसले होते. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. थंडी सुरू झाली की गिऱ्हाईक मटारउसळीशिवाय दुसरं काही मागत नाही, आणि सोललेले मटार विकत घेणं मला पटत नाही. अर्धी परात झाली होती तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमच्या प्रभागातले पक्षाचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. फोनवर ते कधी 'हॅलो' म्हणत नाहीत.

"वैनी, तिकीट गेलं."

"कुणाला?"

"त्या बिल्डरच्या भावजयीला. काल सांजच्यापर्यंत समोरच्या पक्षात हुती, आज आपल्यात हाय. एबी फॉर्म बी तिच्याच हातात हाय."

एबी फॉर्म म्हणजे उमेदवारीचं अधिकृत पत्र. ते ज्याच्याकडे तो पक्षाचा उमेदवार. बाकीचे सगळे नुसते इच्छुक.

"ताईंना कळलंय का?"

"म्या न्हाई सांगणार. तुमी सांगा."

मटार झाकून ठेवले आणि ताईंकडे निघाले.

आमचा प्रभाग शहराच्या पूर्वेच्या टोकाला आहे, मांजरीकडे जाताना लागतो तो. अर्धं जुनं गावठाण, अर्ध्या उंच सोसायट्या. इथे आमच्या पक्षाला मतदान केंद्राबाहेर टेबल मांडायला माणूस मिळत नव्हता, तेव्हापासून ताई टेबल मांडताहेत. टेबलही त्यांच्याच घरचं. मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवायच्या, म्हाताऱ्यांना रिक्षात घालून मतदानाला आणायचं, निवडणूक झाली की तुंबलेल्या ड्रेनेजसाठी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसायचं, ही सगळी कामं त्या आणि मी करत आलो. उमेदवार दरवेळी दुसराच कोणी असायचा. या वेळी एक जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि शहरातून एकच नाव वर गेलं, ताईंचं. ते नाव दिल्लीत खोडलं गेलं. तिथल्या कुठल्याशा कंपनीने आमच्या प्रभागाचा सर्व्हे केला होता म्हणे, त्यात ताई पडतील असं निघालं.

मी पोचले तेव्हा ताई साडीला फॉल लावत होत्या. अर्ज भरायला नेसायची साडी. मी आडवळण न घेता सांगितलं. त्यांनी टाका पूर्ण केला.

"वरचे काय म्हणाले?"

"साहेबांना विचारलं मी वाटेत. ते म्हणाले, 'ताई निष्ठावंत आहेत, त्या समजून घेतील.'"

साहेब म्हणजे शहरातले आमचे पदाधिकारी. ताईंचं नाव त्यांनीच वर पाठवलं होतं, आणि ते खोडल्यावर मान डोलावणारेही तेच.

"असं म्हणाले?" ताई म्हणाल्या. पुन्हा सुई हातात घेतली, फॉल शेवटपर्यंत लावला, दोरा तोडला. "समजून तर घेतलं. आता अर्ज भरू या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. सूचक मी, अनुमोदक अण्णा. आमचे हे जेवताना म्हणाले, "दिल्लीची माणसं आपल्या गल्लीत सर्व्हे करून गेली? कमाल आहे. आपल्याकडे घंटागाडीसुद्धा यायला कुरकुरते."

आता समजूत काढण्याची पद्धत सांगायला हवी. तिकीटवाटप झालं की प्रत्येक पक्षात रुसलेले असतातच. त्यांच्या घरी पुढारी जातात. चहा होतो, शाल दिली जाते, कुठल्या तरी समितीचं किंवा महामंडळाचं नाव काढलं जातं आणि फोटो निघतो. फोटो निघाला की माणूस मानला असं धरतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. अशा समजुतीला पुढाऱ्यांबरोबर ताई आणि मी कितीतरी घरी गेलोय. रुसलेल्याच्या बायकोशी स्वयंपाकघरात बोलायचं काम आमच्याकडे असायचं. त्यामुळे आपल्याकडे कोण येणार, काय बोलणार आणि कुठे बसणार, हे सगळं आम्हाला आधीच पाठ होतं.

अण्णांचं मत पडलं, "च्याच देऊ नका. कोरडं बसू द्या."

"माझ्या घरी आलेल्या माणसाला मी चहा न देता पाठवू?" ताई म्हणाल्या. "तिकीट गेलंय माझं, रीतभात नाही गेलेली."

शेवटी ठरलं, चहा द्यायचा, शाल घ्यायची नाही, फोटो काढू द्यायचा नाही.

अर्ज मागे घेण्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले. साहेब आणि दिल्लीहून आलेल्या निरीक्षक मॅडम. मॅडम वयाने माझ्याएवढ्या, बोलायला गोड. ताईंचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "दीदी, आप तो पार्टी की नींव हैं।"

"पायातच गाडून ठेवायचंय त्यांना," अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले.

शाल निघाली. ताईंनी ती हातानेच बाजूला सारली, म्हणाल्या, "थंडी नाहीये एवढी." साहेबांनी स्वीकृत नगरसेवकपदाचं बोलून पाहिलं. ताईंनी विचारलं, "हे तुम्ही मागच्या खेपेला ज्यांना सांगितलं होतं, ते झाले का?" साहेबांनी चहा संपवला. मॅडम पुन्हा पुन्हा "तो फिर हम मान लें?" विचारत होत्या आणि ताई पुन्हा पुन्हा "चहा घ्या, थंड होतोय," म्हणत होत्या. एकूण बरं चाललं होतं. फोन कुणीही खिशातून बाहेर काढला नव्हता.

मग मॅडम जायला उठल्या आणि मी घोटाळा केला. सवाष्ण बाई पहिल्यांदा घरात आली, निघाली, की तिला हळदकुंकू लावायचं आणि ओटी भरायची. मला काही विचार करावा लागला नाही, पाय आपोआप देवघराकडे वळले. ताईंच्या कपाटात खण असतोच, नारळ होता, तांदूळ होते. ओटीचं ताट मी ताईंच्या हातात दिलं आणि त्यांनीही सवयीने मॅडमच्या पदरात खणनारळ घातला. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी ताईंना मिठी मारली. साहेबांनी तेवढ्यात खिशातून फोन बाहेर काढला आणि फोटो घेतला.

त्यांची गाडी मोठ्या रस्त्याला लागली नसेल तोवर फोटो प्रभागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं: ताईंची माघार, अधिकृत उमेदवाराला पाठिंबा, मानाची ओटी.

फोन सुरू झाले. चिठ्ठ्या वाटायला तयार झालेल्या बायका विचारायला लागल्या, आता आम्ही काय करायचं. एकीने तर सरळ सुनावलं, "अहो, मानायचंच होतं तर आम्हाला कशाला उन्हात फिरवलंत?" चूक माझी होती, पण तिचा विचार करत बसायला वेळ नव्हता. मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, माघार कुणी घेतली?"

"अहो, तुम्हीच ओटी भरलीत ना?"

"भरली. पाहुणी म्हणून भरली. पाहुणे आपापल्या घरी परत जातात, म्हणून भरतात."

"मॅडमनी दिल्लीला कळवलंय आता. त्यांना काय सांगू मी?"

"मॅडमना आपली रीत माहीत नाही, हे मी समजू शकते. तुमच्या आईने घरी आलेल्या किती जणींची ओटी भरली असेल? त्या सगळ्यांना तिने काय लिहून दिलं होतं?"

त्यांनी फोन ठेवला. ताई म्हणाल्या, "आता ग्रुपवर खुलासा टाकू या." मी नको म्हटलं. फोटो सगळे बघतात, खुलासा कुणी वाचत नाही. अर्ज मागे घ्यायचा तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन सही करावी लागते. उद्या दुपारी तीनपर्यंत ताई तिथे गेल्याच नाहीत हे लोकांना दिसलं पाहिजे, एवढंच काम होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंना माझ्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसवलं. अगदी रस्त्यावर. फॉल लावलेली तीच साडी. बायका येऊन बघून जात होत्या, आधी लांबून, मग जवळून. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हिंजवडीला बसने जाणारी पोरं डबे घ्यायला आली, त्यातल्या एकाने विचारलं, "काकू, हे काय, उपोषण?" मी म्हटलं, "नाही, निवडणूक. तुझ्या तीन पोळ्या, भाजी दुसरी घे, उसळ संपली." बसून बसून ताईंना कंटाळा आला तेव्हा त्यांनी कणकेचे गोळे करायला घेतले.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर साहेबांची गाडी आली. ते काच खाली करून म्हणाले, "ताई, चला. मॅडम कार्यालयाच्या बाहेर थांबल्यात. सही करून पाच मिनिटांत सोडतो."

"हात पिठाचे आहेत," ताई म्हणाल्या.

"धुवा की मग."

"अजून बरेच गोळे व्हायचेत."

साहेब खाली उतरले. तोवर रस्त्यावर चाळीसेक माणसं जमली होती आणि अण्णा मधोमध उभे होते. साहेबांनी कुणाला तरी फोन लावला, "हां जी, यहीं हैं," असं म्हणाले आणि फोन ताईंसमोर धरला. आवाज खाली आणून म्हणाले, "वरून आहे. खुद्द बोलतायत."

खुद्द म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही. ज्यांच्या सभेला आम्ही बायका बस भरून नेल्या होत्या आणि ज्यांचा चेहरा आम्ही फक्त मोठ्या पडद्यावर पाहिला होता, ते. ताईंनी पदराला हात पुसले. फोन दोन्ही हातांनी घेतला. मला पहिल्यांदाच भीती वाटली. एवढी वर्षं ज्या माणसासाठी टेबल मांडलं त्याने आपलं नाव घेऊन बोलावं, याला कोण नाही म्हणेल? मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हां जी," ताई म्हणाल्या. "हां जी. जी, जी." बराच वेळ नुसतं तेच. साहेबांचा चेहरा सैल पडत चालला. अण्णांनी मान खाली घातली. मग ताईंच्या कपाळावर आठी आली.

"हिंजवडी?" त्या म्हणाल्या. "नहीं साहब, हिंजवडी में मैंने कुछ काम नहीं किया। एक बार गयी थी, भाची को हॉस्टेल में छोड़ने।"

पलीकडून काही तरी बोलणं झालं. ताईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मधे तोडणं त्यांच्या स्वभावात नाही.

"ठीक है साहब," त्या म्हणाल्या. "जिन्होंने हिंजवडी में काम किया है, उनको मेरा नमस्कार बोलिए। मैं इधर खड़ी हूँ।"

आणि फोन साहेबांच्या हातात परत दिला, पिठासकट.

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. साहेब लाल झाले. मला म्हणाले, "तुम्ही यांना भरीला घालताय. सहा वर्षांसाठी काढून टाकतील दोघींना."

"आम्हाला पगार कुठे होता?" मी म्हटलं.

"पक्ष आईसारखा असतो, वहिनी."

"मग आईने सर्व्हे का केला?" हे अण्णा. त्यांचा आवाज फाटला होता. "च्यायला, लेकराला वळखायला सर्व्हे लागतो व्हय तिला?"

साहेब गाडीत बसले. गाडी तिथेच उभी राहिली, बहुतेक त्यांना दिल्लीला काय सांगायचं ते जुळवायला वेळ हवा होता. तीन वाजून गेल्यावर निघाली. गाडी वळेपर्यंत रस्त्यावर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. ताई खुर्चीवरून उठल्या, कंबर धरली, म्हणाल्या, "बसून बसून पाठ आखडली. उद्या चिन्ह घ्यायला जायचंय, रिक्षा सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी निलंबनाचा मेसेज आला. सहा वर्षं, पक्षविरोधी कारवाया, दोघींची नावं, अण्णांचं नाव मात्र विसरले होते. अण्णांना त्याचा राग आला. ताई चिन्ह घ्यायला गेल्या. मी दुकान मदतनीस बाईवर टाकलं आणि अण्णांना घेऊन नव्या रस्त्यावरच्या सगळ्यात उंच सोसायटीत गेले. तिथे आमचा पक्ष कधी फिरलाच नव्हता, कारण ही मतं आपलीच आहेत असं वरचे सांगायचे. लिफ्टने शेवटच्या मजल्यावर गेलो, खाली उतरत यायचं ठरवून. पहिली बेल वाजवली. रात्रपाळी करून आलेली एक मुलगी दार अर्धवट उघडून उभी राहिली. डोळ्यांत झोप होती.

"कुठल्या पार्टीकडून?" तिने विचारलं.

"कालपर्यंत होते, आज नाहीये," मी म्हटलं. "पाणी दे आधी, मग सांगते." आणि चपला दाराबाहेर काढून आत गेले.