तिकडची, इकडची आणि माझं पत्रक

त्या ऑस्ट्रेलियन पोरीचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या हळ्ळीखेडच्या घरात तिला नाव नव्हतंच. धाकटी बहीण मोबाइलला डोळे लावून बसली की अव्वा विचारायची, "तिकडची खेळायलीय का आज?" बहीण मान हलवायची. बास. मग इकडची कोण, हे कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. पण तूर मळून झाल्यावरही अप्पांनी खळं मोडलं नव्हतं. अव्वानं खताची रिकामी पोती उसवून पिचएवढी लांब पट्टी शिवली होती. त्या पट्टीवर बहीण रोज संध्याकाळी बॉल टाकायची.

तिकडचीचं वर चढणं बहिणीला पाठ होतं. गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात ती वाढली. मुलींचा संघ नव्हता म्हणून पोरांत खेळली. कुणीतरी जखमी झाली म्हणून लीगमध्ये घेतलं, आणि पहिला सगळा हंगाम नुसती बॉलिंग दिली. पॅड बांधून बसायची, बॅटिंग यायचीच नाही. मग पाठ दुखावली, एक वर्ष गेलं. परत आली तेव्हा बॅटिंगला शेवटून तिसरी पाठवली, आणि गेलेली मॅच तिनं ओढून आणली. त्यानंतर देशाची पिवळी जर्सी. आता कॉमेंट्री करणारे तिला ऑलराउंडर म्हणतात, जशी काय ती जन्मली तेव्हाच ऑलराउंडर होती.

मी ह्यातून एकच उचललं. आमच्या शेजारच्या चिटगुप्प्यापेक्षा लहान गाव, आणि तिथं हिरवंगार मैदान. आमच्या मैदानात ट्रक उभे राहायचे.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. पाण्याच्या टाकीवर लिहिलं, बंद पडलेल्या बसवर लिहिलं, मराठी शाळेतल्या मास्तरांच्या रिकाम्या खुर्च्यांवर लिहिलं. एका बाजूला मराठी, पाठीमागं कन्नड. त्यामुळं कुठलीही गोष्ट दिसली की मला आधी मथळा दिसतो. मथळा होता, "त्यांच्या गावाला मैदान, आमच्या गावाला ट्रकचा तळ." खाली तिकडचीची हकीकत, तिच्याखाली खळ्यावर बॉल टाकणाऱ्या बहिणीचा फोटो. तिला विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षांखालच्या विभागीय संघाची निवड कलबुर्गीत होती. तिथंच वाटायचं ठरवून मी गठ्ठा पिशवीत घातला.

निवड झाली तर महिनाभराचं शिबिर, खरं पिच, खरा कोच. न्हाई झाली तर विषय संपला. पुढच्या वर्षी ती ह्या वयात बसणार नव्हती, आणि खळ्यावरनं थेट मोठ्या बायकांच्या संघात कुणी जात नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. हुमनाबादहून बस सुटल्यापासून ती बोटं बॉलच्या शिवणीवर फिरवत होती, एकसारखी.

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, शिवदोऱ्यात ओवलेलं. ते अंगावेगळं करायचं नसतं. अंघोळीला न्हाई, आजारपणात न्हाई.

निवडीला एक पन्नाशीच्या बाई होत्या, मनगटाला शिट्टी गुंडाळलेली. त्यांनी कन्नडमध्ये सगळ्या पोरींना सांगितलं की चेन, ताईत, दोरा, जे काय असेल ते गळ्यात ठेवायचं नाही, बॉल लागला तर मी जबाबदार नाही. बहिणीचा हात कॉलरकडं गेला. मी जाळीच्या अलीकडं पालकांत उभी होते. मला तेवढं पुरलं.

मी तिथूनच ओरडले की ते निघत नसतं, हा नियम कुठं लिहिलाय दाखवा, लेखी द्या. मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. पोरी पळायच्या थांबल्या. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, तू कोण? मी म्हटलं, तिची अक्का.

"बॉल कोण टाकणार, ती का तू?"

दोन-चार पालक हसले. मी आणखी चढले. संविधानातलं कलम तोंडात आलं, सभेत येतं तसं, आणि समोर सभा नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बाईंनी हातातल्या कागदावर एक रेघ ओढली. बहिणीला म्हणाल्या की आधी तुमच्या घरचं मिटवून ये, आता तुझा नंबर शेवटच्या गटात. चार वाजता मैदान पुरुषांच्या मॅचसाठी रिकामं करायचं होतं. शेवटच्या गटाला वेळ उरेल का, हे त्यांनी सांगितलं नाही.

बहीण बाहेर आली. भिंतीकडं तोंड करून तिनं शर्टात हात घातला, अर्धा मिनिट काहीतरी केलं आणि वळली. डावी बाही वर केली. डबी दंडाला होती, फडक्यात गुंडाळून त्याच दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

"मठातल्या अय्यांना मागल्या वर्षीच विचारलंय. दंडाला चालतंय, बेंबीच्या खाली न्हाई. वर्षभर असंच टाकायले खळ्यावर. आताबी वळून बांधणारच होते. तेवढ्यात तू बोललीस."

मी म्हटलं, मग सांगायचं न्हाई का मला.

"तू घरी असतीस कवा? आलीस तरी लिहीत बसतीस."

तिनं पाण्याच्या बाटलीसाठी माझी पिशवी उघडली आणि गठ्ठा तिच्या हाताला लागला. तिनं पत्रक वाचलं, मराठी बाजू, मग कन्नड बाजू, सावकाश. स्वतःच्या फोटोवर अंगठा ठेवला.

"हे वाटलीस तर मी आत जाणार न्हाई."

"कामून? ह्यात खोटं काय हाय?"

"खोटं न्हाई. पण त्या बाईच्या हातात हे गेलं की मी टाकलेला बॉल दिसायचा न्हाई तिला. बिचारी दिसल. मला बॉल दाखवायचाय अक्का."

मी गठ्ठा पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता, म्हणून बसले.

एक गट झाला, दुसरा झाला. प्रत्येकीला आधी बॉलिंग, मग बॅटिंग. कुणी दोनदा टाकायला मागितलं, बाईंनी टाकू दिलं. मी घड्याळ बघत होते, बहीण बघत नव्हती. साडेतीन वाजले तसे पुरुषांच्या संघातले लोक पांढऱ्या कपड्यांत येऊन दोरीजवळ उभे राहिले. एकानं रोलर हलवून पाहिला. बहिणीच्या पुढं अजून दोघी होत्या. मग एक.

तिला बोलावलं तेव्हा दहा मिनिटं उरली होती. सहा बॉल, बाई म्हणाल्या.

पहिला पायामागून गेला. दुसरा आखूड पडला, समोरच्या पोरीनं तो जाळीवर आदळला. पोत्यांच्या पट्टीवर बॉल खाली राहतो, इथं उसळत होता. हे मला कळत होतं आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं. तिनं डाव्या दंडाला हात लावला, मागं गेली, मार्कच्याही दोन पावलं मागं, आणि तिसरा पुढं टाकला. बॅट हुकली. चौथा पॅडवर आदळला. पाचव्याला ऑफ स्टंप मागं झोपला. सहाव्याला चौकार गेला असता.

बाईंनी घड्याळ बघितलं. "बॅटिंग राहिली तुझी. वेळ नाही आता."

फॉर्मवर ऑलराउंडर लिहिलं होतं. सगळ्यांची दोन्ही बघितली आणि हिची अर्धी. अन्याय होता, आणि तो मी करून ठेवला होता. माझं तोंड उघडलं. बहिणीनं जाळीतून माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. बुडाखाली कागद कुरकुरले.

नावं वाचली ती मैदानाच्या फाटकाशी, उभ्याउभ्या. आधी बॅटर, मग कीपर, मग ऑलराउंडर. ऑलराउंडरमध्ये ती नव्हती. अव्वाला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. मग बॉलर, आणि त्यात शेवटचं नाव तिचं.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, बॅटिंग बघितलीच न्हाई त्यांनी, एक अर्ज तर देऊ.

"लिहू नको," ती म्हणाली. "तिकडचीबी पैला हंगाम नुसती बॉलिंगच करायली होती. मीच सांगितलेलं तुला. पत्रकात तेवढंच गाळलीस."

खरं होतं. मथळ्यात बसत नव्हतं म्हणून गाळलं होतं.

थोड्या वेळानं तिनं बाही वर केली. घामानं गाठ फुगून आवळली होती, दंडावर लाल वळ उठला होता. सकाळी अर्ध्या मिनिटात एकटीनं बांधलेलं आता एकटीनं सुटत नव्हतं, आणि सोडताना डबी अंगापासून सुटून चालणार नव्हती. तिनं माझा हात धरून डबीवर ठेवला. मी तळहातानं ती तिच्या दंडावर दाबून धरली. ती दातानं गाठ सोडवायला लागली. रस्ता खराब, बस उडत होती. दोरा सुटला तसा मी डबी तिच्या कातडीवरनंच सरकवत खांद्यावर, मग गळ्याशी नेली, आणि तिनं मानेमागं नवी गाठ मारेपर्यंत हात हलवला नाही.