खाचेच्या पेन्सिली

‘शाळेत मुलांवर संस्कार होतात’ असं कुणी भाषणात म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. होतात, नक्की होतात. मी स्वतः केलेत, म्हणून सांगते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. हरसूलजवळच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नवीन लागले होते. शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापक गुरुजी. मूल्यशिक्षणाचा आदेश वरून आलेला. गुरुजींनी बुटाच्या खोक्याला सोनेरी कागद चिकटवला आणि झाली ‘प्रामाणिकपणाची पेटी’. कुणाला काही सापडलं की परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर पेटीत टाकायचं, मुलांनी टाळ्या वाजवायच्या, गुरुजींनी वहीत नोंद करायची. त्या वहीवर त्यांचा जेवढा जीव होता, तेवढा एकाही पोरावर नव्हता.

माझ्या तिसरीत एक मुलगी होती. दिवाळी झाली की तिचे आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जात आणि ती चुलत्याकडे राही. वाचताना अडखळायची, कविता पाठ व्हायची नाही, त्यामुळे वर्गात तिच्यासाठी टाळ्या वाजवायची वेळ कधी यायचीच नाही. आणि तिच्याकडे पेन्सिल म्हणून नसायची. मी द्यायची, दोन दिवसांत गायब. दुसरी पोरं घेत असतील म्हणून मी तिच्या पेन्सिलींना ब्लेडनं खाच पाडून द्यायला लागले. तरी तेच. ‘‘खातेस का पेन्सिली?’’ असं विचारलं की ती खाली बघायची. दोनदा मी तिला वर्गाबाहेर उभं केलं.

केंद्रप्रमुख भेटीला येणार म्हणून आदल्या दिवशी मी ती पेटी झाडायला घेतली. आत एक बक्कल, दोन बटणं आणि खाच पाडलेल्या पाच पेन्सिली. नाशिकहून येणारी माझी जीप परिपाठ संपल्यावर पोहोचायची, त्यामुळे तिथं काय चालायचं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘अगं, स्वतःचीच पेन्सिल कशाला टाकतेस पेटीत?’’

‘‘टाळ्या वाजवत्यात ना बाई.’’

मला हसू आलं. आणि चहा पिताना मी ते गुरुजींना गंमत म्हणून सांगितलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर डोक्यातही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भेटीमुळे मी लवकर पोहोचले. साहेब अजून यायचे होते. गुरुजींनी परिपाठात तिला पुढे बोलावलं, पाची पेन्सिली हातात धरून सगळ्यांना दाखवल्या. ‘‘ही आपल्याला फसवते. स्वतःच्या वस्तू टाकून फुकटच्या टाळ्या घेते. अशा मुलीला काय म्हणायचं?’’

‘‘खोटारडी,’’ चाळीस पोरं एका सुरात म्हणाली. प्रतिज्ञा म्हणतात त्याच सुरात.

त्या माणसाला सुनावायला मला काय झालं होतं? तिच्याजवळ होती ती एकुलती एक वस्तू ती देत होती, वर त्यापायी माझी बोलणीही खात होती. तुम्ही आणि मी आयुष्यात असं काय दिलंय, एवढं तरी विचारायचं. मी पदर सारखा करत उभी राहिले. नोकरी नवी होती, साहेब यायचे होते. त्या गप्प बसण्याचा मला गुरुजींपेक्षा जास्त संताप येतो.

साहेब आले, वही बघितली, ‘उत्तम उपक्रम’ असा शेरा मारून गेले. पोरगी शाळेत येत राहिली. मी दिलेली पेन्सिल आता तिच्याकडे टिकायला लागली. मी मूर्खासारखी समजत होते की चला, विसरली.

महिन्याभरानं माझं घड्याळ हरवलं. पट्टा तुटका होता, कुठं पडलं कळलं नाही. मधल्या सुट्टीत ती धावत आली आणि दारातच थांबली.

‘‘बाई, तुमचं घड्याळ हापशापाशी पडलंय.’’

‘‘मग आणायचंस ना.’’

‘‘मी हात नाय लावला. त्या दोघी तिथंच हायेत, त्यांना इचारा.’’

मी गेले. हापशाच्या चिखलात घड्याळ पडलेलं, वरून पाणी ठिबकत होतं, काचेच्या आत बाष्प धरलं होतं. दोन बाजूंना पहिलीतल्या दोन पोरी उभ्या होत्या. तिनं त्यांना साक्षीला उभं केलं होतं. नऊ वर्षांची पोर.

मी वाकून घड्याळ उचललं. ‘‘शाबास गं,’’ म्हणत टाळी वाजवायला गेले, तर ती एक पाऊल मागे सरकली. ‘‘नको बाई,’’ म्हणाली. तिचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते.