तांदळात लिहिलेले नाव

निपाणीतल्या एका माणसाने आपल्या थोरल्या बायकोचे सुईणपणाचे सर्टिफिकेट धाकटीला वापरायला दिले, धाकटीच्या हातून एक बाळंतीण मेली, आणि सरकारने थोरलीचे नाव रजिस्टरातून खोडले. हकीकत एवढीच आहे. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यांतले बरेचसे विसरलो. ही एक घटना विसरू म्हणता विसरत नाही.

नावे देणार नाही. दोन्ही बायकांचे नाव एकच होते, आणि ते आमच्या भागात दर चौथ्या घरात सापडेल. त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो.

तेव्हा मी निपाणी ठाण्याचा फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो, परीक्षा देत देत वर आलो, कोणाची चिठ्ठी नाही की शिफारस नाही. वडील बैलबाजारात दलाल. रुमालाखाली बोटे दाबून सौदा कसा जुळवायचा हे मी अक्षर ओळखायच्या आधी शिकलो. आरोपीची जबानीही मी तशीच घेत असे. थोडा दम द्यायचा, थोडी ढील द्यायची, आणि समोरच्याची निकड कुठे आहे ते ओळखायचे. बहुधा जमायचे.

एके सकाळी हजेरी चालू असताना तंबाखूच्या वखारीतला एक हमाल ठाण्यात आला आणि पायरीवरच बसला. त्याची बहीण पहिलटकरीण. मूल आडवे आले होते.

"बहीण गेली, सायेब. पोर बी गेलं."

"सुईण कोण होती?"

"सर्टिफिकेटवाली. घरात भिंतीला काच लावून टांगलंय बघा. आई म्हणत हुती, आपली म्हातारी सुईण बरी. मीच म्हटलं, न्हाय, शिकल्याली बाई आणूया. मीच म्हटलं, सायेब."

हे शेवटचे वाक्य त्याने तीनदा म्हटले. मग म्हणाला, "हात घाटला आन् घाबरून पळाली ती. शिकल्याली बाई अशी पळती व्हय?"

ही खबर. गुन्हा नोंदवला आणि सुईणीच्या घरी गेलो. नवरा वखारीत माल तोलणारा मापारी होता. घराला कुलूप, दोघेही पसार. पंचांसमक्ष कुलूप तोडले आणि भिंतीवरचे सर्टिफिकेट जप्त केले. बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, गोल शिक्का. सगळे खरे. तालुक्याच्या दवाखान्यात नोंदणी झालेल्या सुईणींची छापील यादी असे, ती मागवली. तेच पूर्ण नाव तिच्यात एकदाच होते. पुढे पत्ता लोंढ्याजवळच्या एका दवाखान्याचा.

मी म्हटले, सापडली! पळून तिकडे गेली.

इथे माझी चूक सांगून टाकतो. ती यादी वर्षभर जुनी होती. गेल्या आठवड्यात पळालेल्या बाईचा नवा पत्ता वर्षापूर्वी छापला जाईल कसा, हे शाळकरी पोरानेही विचारले असते. मी विचारले नाही. छापलेल्या अक्षराचा मान ठेवायची सवय होती.

लोंढ्याच्या त्या दवाखान्यात थोरली सापडली. चाळिशीकडे झुकलेली, हाडापेराने मोठी, शांत बाई. पुढ्यात नुकते जन्मलेले मूल होते. वॉरंट दाखवले तर मान वर न करता म्हणाली, "दोन मिंटं थांबा. नाळ बांधून घेती."

मी थांबलो. नंतर मात्र तिला सरळ निपाणीला आणले आणि कोठडीत घातले.

जबानीला बसवली तर तिचे एकच पालुपद. सहा वर्षांत ती निपाणीला आलेली नाही. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढली, सर्टिफिकेट मागायलाही परत जाऊ दिले नाही. रजिस्टरात नाव होते म्हणून त्या बळावर लोंढ्याला नोकरी मिळाली. मला ते सगळे रचलेले वाटले. मी टेबलावर हात आपटला, ओरडलो, मग आवाज खाली आणून सौद्याला आलो.

"कबूल कर. घाबरून पळालीस एवढंच लिहितो. कलम हलकं लागेल."

ती म्हणाली, "सायेब, मी काय बाजारात उभारलेली म्हस न्हाय. तुमी दर कमी केलासा म्हणून मी न केलेलं माझं हुईल व्हय?"

वीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी असे तोंडावर बोलले नव्हते. राग आला. रागाच्या भरात मी तिला आणखी दोन दिवस ठेवले. खरे म्हणजे ओळख पटवण्याचे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी हमालाला बोलावले. तो तिला फाडून खायच्या तयारीने आला आणि दारातच थांबला.

"ही न्हवं."

"नीट बघ."

"ही न्हवं, सायेब. ती पंचविशीची बी नसंल. गोरी, बारीक. ही कोण आनि?"

थोरलीने तेव्हा पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला. नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचे तिच्या कानावर होते. बाकी काही माहीत नव्हते.

मापाऱ्याची विधवा बहीण गावातच राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. मी गेलो तेव्हा ती अंगणात मिरच्या निवडत होती. मी बसलो आणि धाकटीचे नाव विचारले. तिने थोरलीचेच नाव सांगितले.

"अगं आक्का, ते थोरलीचं. मी धाकटीचं विचारतोय."

"तेच की. लग्नात ताटातल्या तांदळात दादानं तेच लिव्हलं अंगठीनं. पैली बायको गेली की दुसरीला तिचंच नाव ठेवायची रीत हाय आमच्यात."

"पैली मेली तर ठेवतात. ही तर जिवंत आहे!"

आक्काने मिरचीचा देठ मोडला. "दादाला मेलीच की ती."

आमच्याकडे नवरीचे नाव सासरी बदलतात हे मला माहीत होते. माझ्या बायकोचेही मी बदलले होते. पण त्या रीतीतून असे काही निघेल हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

धाकटीच्या माहेरी दोघे सापडले. धाकटीने एका दमात सगळे सांगितले. "मला म्हणाले, दोन-चार बाळंतपणं बघ, हात धरायला शीक, कागदाचं मी बघतो. मला लिवता-वाचता येत न्हाय. भिंतीवर माझंच नाव हाय म्हणाले." मेलेल्या बाईचे नाव तिने मला दोनदा विचारले.

नवरा मात्र निवांत. त्याने जे सांगितले ते जबानीत शब्दशः लिहून घेतले आहे, म्हणून अजून तोंडपाठ आहे.

"त्या कागदावर तिचं काय हाय, सायेब? नाव मी ठेवलेलं. मधलं नाव माझं. आडनाव माझ्या बाचं. तिचं म्हायेरचं नाव निराळंच हाय, ते हाय का त्यात? माझ्या घरचा कागद, मी माझ्या घरात वापरला."

माझा हात उठला. हवालदाराने धरला नसता तर खटला तिथेच बिघडला असता. त्या हरामखोराचे बोलणे खोडायला मला शब्द सापडला नाही, म्हणून हात उठला. खरेच, त्या कागदावर तिचे असे काय होते? शिकणे तेवढे तिचे होते, आणि ते लिहायला रकाना नव्हता.

खटला झाला. धाकटीला निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल सक्तमजुरी झाली. नवऱ्याने प्रसूती केली नाही, तेव्हा तो दंडावर सुटला. थोरलीला मी लोंढ्याच्या गाडीत बसवून दिले आणि मनाशी म्हटले, प्रकरण संपले.

पण शिक्षा झाल्यावर एक ठरलेला तक्ता भरायचा असतो. आरोपी नोंदणीच्या धंद्यातला असेल तर त्याचे नाव, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, आडनाव आणि शिक्षा नोंदणी कचेरीला कळवायची. मी भरला. धाकटीचे पूर्ण नाव लिहिले, शेऱ्यात 'नोंदणी नाही, तोतया' असे स्वच्छ लिहिले. कचेरीत कोणीतरी शेरा वाचला नाही. यादी काढली, ते नाव एकदाच आढळले, आणि त्यावर लाल रेघ मारली. थोरलीची नोकरी त्याच महिन्यात गेली.

मी लिहिले. उत्तर आले, त्या नावाची एकच नोंद असून त्याच नावाच्या व्यक्तीला शिक्षा झाली आहे. मी निकालाची नक्कल पाठवली. उत्तर आले, मूळ सर्टिफिकेट सादर करा. ते मुद्देमालात होते, आणि माझी बेळगावला बदली झाल्यावर अपिलाची मुदत संपली म्हणून नियमाप्रमाणे जाळले गेले होते. जिथे ती शिकली त्या इस्पितळाने कळवले, दुसरी प्रत देऊ, आधी नोंदणी चालू असल्याचा दाखला आणा. नोंदणी कचेरी म्हणे, आधी प्रत आणा. मी स्वतः जाऊन भांडलो. शिपायाने बाहेर काढले. मला, फौजदाराला, शिपायाने!

थोरली बेळगावजवळ पिरनवाडीत भावाकडे राहायला आली होती. तिला भेटायला गेलो. गोठ्यातून हात धुऊन आली.

"नव्यानं शिका म्हणत्यात, सायेब. नव्या नावानं. नाव कुणाचं घेऊ? म्हायेरचं लग्नात गेलं, सासरचं तुमी पुसलंसा."

तेवढ्यात शेजारची बाई धावत आली. तिच्या सुनेला कळा लागल्या होत्या. "बाई, चल की गं, मूल अडकलंय."

थोरलीने माझ्याकडे बोट दाखवले. "हे पोलीस हायत. त्यास्नी इचार, जाऊ काय मी."

मी म्हटले, "जा."

"लिवून देतासा?"

नोंदणी खोडलेल्या बाईने हात लावला आणि काही बरेवाईट झाले तर ती सरळ कोठडीत जाणार, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? आणि तिला एकदा कोठडीत तर मीच घातले होते. मी लिहून दिले नाही. शेजारणीने गावातल्या म्हातारीला आणले. पलीकडून ओरडणे ऐकू येत होते. थोरली उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला तिथे बसवेना. मी उठून निघालो. पुढे काय झाले ते विचारायला परत गेलो नाही.

या खटल्याने काय शिकवले म्हणाल, तर पोलिसाने आधी माणूस बघावा आणि मग कागद. मी उलटे केले. माझा दोष मी लिहून दिला आहे, खाली सहीसुद्धा करतो. सौदा करून कमी-जास्त करावे असे माझ्याकडे आता काही उरलेले नाही.

पण त्या लाल रेघेशेजारीही एक सही आहे. कचेरीत भांडायला गेलो तेव्हा मी ती डोळ्यांनी पाहिली, वाचता आली नाही. ज्याने ती केली त्याने शेरा का वाचला नाही? माझ्या इतक्या पत्रांनंतरही रेघ का पुसली नाही? तो कारकून असो, साहेब असो, पेन्शनीत असो, त्याने याचे उत्तर द्यावे. मला पत्राने नको. पिरनवाडीला जाऊन त्या बाईसमोर उभे राहून द्यावे.