जित्याच्या घरी दिवा

परभणीला पराग तपासायच्या लॅबमध्ये मी जन्मभर काचा धुतल्या. काचा लख्ख निघाल्या, किस्से मात्र तसेच चिकटून ऱ्हायले!

शिक्षण माझं सातवी, तीबी ढकलत. पण आमच्या जाधवसरांचं औषध मला तोंडपाठ. बाटलीत त्याला रंग न्हाई. जिवंत पेशीत शिरलं, की तिच्यातलं एन्झाइम त्याला तोडतं, अन् निळ्या उजेडात पेशी हिरवीगार चमकते. मेलेली काळीच. सर म्हणायचे, "हे फक्त जित्याच्या घरी दिवा लावतं."

पहिली डबी आली तेव्हा स्टोअरकीपर भडकला. "रंग मागवला अन् पांढरी पूड आली! वापस करा!"

*

आमचे हेडक्लार्क भर दुपारी टेबलावर घोरायचे. एकदा गोड बोलून त्यांच्या गालाच्या आतून जरा खरवडून घेतलं. काचेवर दोन-चारच पेशी चमकल्या. ऑफिसात जाऊन ओरडलो, "साहेब जिते हायत, पण लय थोडे!"

*

हळदबी त्या उजेडात चमकते, हे मला पिठलं खाताना सापडलं. मग काय! उकळून मारलेल्या परागावर पिवळं बोट फिरवलं. सर आनंदानं नाचायलेत, "मेलेले उठले!" अन् मी बोट चाटायलोय.

"जित्याची खोड!" सर म्हणाले, अन् आठ दिवस बोलले न्हाईत.

*

सुमन वाघमारे आमच्याकडं एम.एस्सी. करायली होती. तिच्या तोंडी परीक्षेदिवशीच नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद. तिचं काम ज्वारीच्या परागावर, अन् ज्वारी तिच्या बाबांच्या रानात, पिंगळी गावाला. पराग तर काही तासांचाच पाहुणा! जिता दाखवला न्हाई तर डिग्री अडकणार. बाबा पहाटेच सायकलवर निघाले, कणसं ओल्या धोतरात गुंडाळून.

काच चमकली. बाहेरून आलेले परीक्षक हसले, "हळद तर नाही ना? तुमच्या लॅबचा किस्सा ऐकलाय मी."

सुमनचा चेहरा उतरला. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच काळा पडलो.

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या हातानं दोन काचा करा. एकीवरचा पराग आधी उकळा. हळद असंल तर दोन्ही चमकतील. मी हात पाठीमागं धरून उभा ऱ्हातो."

उकळलेला काळाठिक्कर. दुसरा हिरवागार! परीक्षकांनी सही केली.

बाबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून लय वेळ बघितलं. मी सवयीनं काच धुवायला उचलली, तर त्यांनी मनगटच धरलं.

"अहो भाऊ, धुता काय? जिते हायत की अजून!"

एक काच धुवायची राहिली तरी आभाळ डोक्यावर घेणारे आमचे सर. ते म्हणाले, "ठेव ती खाली."