ज्योतिबाचा स्पीकर आणि सरळ रेघ

शिरूरच्या ज्योतिबाला साध्या नमस्कारातही डाव दिसायचा. रांजणगावच्या कंपनीत वेल्डिंग सांभाळून तो वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. गेल्या महिन्यात त्यानं आतच ॲम्प्लिफायर असलेला नवा स्पीकर घेतला, आणि गिटार रांजणातून वाजल्यासारखी ऐकू यायला लागली. ऑर्केस्ट्राचा मालक सम्राट म्हणाला, "रविवारपातुर नीट करा, न्हाईतर तुमच्या जागी दुसरा बघतो." झालं! सम्राटला आपल्याला काढायचंच होतं आणि दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला, हे ज्योतिबानं उभ्याउभ्या ठरवून टाकलं.

बायको गिताबाई म्हणाली, "अवं, मी काय म्हंते..."

"तू गप. तुला यातलं काय कळतं?"

दौंडला स्टेशनजवळ अनिता असले स्पीकर दुरुस्त करते. ज्योतिबानं तो तिच्याकडं नेला. तिनं समोर मापायचा माईक लावला आणि लॅपटॉपवरून खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज सोडला. पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटली. जिथं उंचवटा दिसला, तिथं तिनं स्पीकरच्याच इक्वलायझरवर आवाज उतरवला, पुन्हा मापलं. तासाभरात रेघ बरीचशी सपाट झाली.

"मामा, आता गिटारमधून जे जाईल, तेच भाईर येईल."

हिनं आतला पार्ट तर बदलला नाही ना, म्हणून ज्योतिबा सारा वेळ तिच्या बोटांवर डोळा ठेवून होता. पण वाजवून पाहिलं, तर तार न् तार मोकळी!

घरी आला, लावला. पुन्हा रांजण. पोरीनं फसवलं म्हणून त्यानं फोनवर तिचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी ती बिचारी माईक घेऊन एसटीनं शिरूरला आली आणि दारातच थबकली.

स्पीकरला जाड गोधडीचा अभ्रा होता, फ्रिजला असतो तसा. बटणांपुरती फट, बाकी सगळा बंद. धूळ बसेल, कुणाची नजर लागेल म्हणून ज्योतिबा वाजवतानाही तो काढत नसे. दौंडला जाताना मात्र मळेल म्हणून घरी ठेवला होता.

अनितानं अभ्र्यासकट मापलं. रेघेची उजवी बाजू, म्हणजे वरचे सूर, पार बसली. काढून मापलं, रेघ सरळ.

"शिवतानाच इचारलं हुतं, आवाज दबंल का," गिताबाई म्हणाली. "तर म्हनले, तुला शिवायचा कंटाळा."

ज्योतिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं गिटार उचलली. दुसऱ्याच ओळीला बोट घसरलं आणि ती चूक घरभर लख्ख ऐकू आली. सवयीनं त्यानं स्पीकरकडं पाहिलं, अनिताकडं पाहिलं, मग आपल्या बोटांकडं. रविवारला तीन दिवस होते. मान खाली घालून तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाजवायला लागला.